मशीनमधला बसवण्णा

ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात चपलांचा ढीग पडलेला कुणी बघितलाय? चाकूरच्या वैजनाथ मोटार ड्रायव्हिंग स्कूलपुढं त्या सोमवारी तो पडला होता. शेतकऱ्यांच्या जाडजूड वहाणा होत्या, मास्तरांचे बूट होते, बायकांच्या चपला होत्या. नवा ट्रॅक्टर घेतलेला एक जण तर मोजेसुद्धा काढून आत गेला होता. रस्त्याच्या कडेला हार घातलेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. त्यांत एक कोरी स्कूटीही होती. आतल्या मशीनशी तिचा काही संबंध नव्हता, पण आली होती बिचारी दर्शनाला.

आत, जिथं पूर्वी वाहतुकीच्या खुणांचा तक्ता टांगलेला असायचा, तिथं आता बेलाच्या पानांचं तोरण होतं. त्याखाली मशीन. मशीन म्हणजे काय, तर जुन्या जीपची एक सीट, पुढं स्टेअरिंग, पायाशी क्लच-ब्रेक आणि समोर तीन टीव्ही जोडून केलेला पडदा. त्यावर चालायचा कॉम्प्युटरवरचा गाडी चालवायचा खेळ. नवशिक्यांनी खऱ्या रस्त्यावर कुणाची शेळी उडवण्याआधी इथं हात बसवावा, म्हणून वैजनाथनं तो हौसेनं आणला होता.

सीटवर ट्रॅक्टरवाला बसला होता. पडद्यावर काळाभोर मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना माळ. गाडी झोकात चालली होती. वळण आलं, आणि वळणाच्या तोंडाशी गाडी धाडकन थांबली. पुढं माणूस नाही, जनावर नाही, साधा खड्डा नाही. इंजिन घोंघावतंय, चाकं जागच्या जागी फिरतायत, पण गाडी तसूभर हलत नाही.

"बसवण्णा!" बायकांनी हात जोडले.

"उठवलाव न्हवं त्याला रस्त्यावरनं?" सीटशेजारच्या पाटावरून चाकबाबा डोळे मिटूनच बोलले. "मग कुठं जाईल त्यो? जिथं चाक तिथं बसवण्णा. मशीनमधी चाक दिसलं, मशीनमधी येऊन बसला. आता हितनं उठवा म्हणावं!"

लातूरच्या रस्त्यावर एका वळणाला बसवण्णाचं ठाण होतं, गुडघ्याएवढा दगडी नंदी. तिथून जाताना हॉर्न वाजवायचा, ही सगळ्या गाडीवाल्यांची वहिवाट. रस्ता रुंद झाला तेव्हा ठाण सन्मानानं उचलून आत गावालगत नेलं. नवा कट्टा बांधला, पूजा झाली, पंगत उठली. तरी लोकांच्या मनातली रुखरुख काही गेली नव्हती. चाकबाबांनी नेमकी तीच धरली होती.

"गेर पाच, तत्त्वं पाच," बाबांचं सुरू झालं. "क्लचमधी राहू, ब्रेकमधी केतू, दोहोंच्या मधी तुमचा पाय. आन् रिव्हर्स म्हंजी? मागचा जन्म! तो ज्याला जमला त्याला सगळं जमलं."

"हाव, हाव," ट्रॅक्टरवाल्यानं मान डोलावली. त्याला रिव्हर्स काही केल्या जमत नव्हता.

"स्टेअरिंगच्या मधल्या बिल्ल्याला बोट लावू नको. हॉर्न देवानं ठेवून घेतलाय. मौन हाय त्याचं." बाबांनी अंगठा भस्मात बुडवला, पुटपुटत त्याच मधल्या बिल्ल्यावर टेकवला, आणि गाडी सुटली! वळण घेऊन भन्नाट पुढं गेली. सगळी खोली 'हर हर महादेव' म्हणून दणाणली.

गर्दीत सासूच्या मागं मंजुश्री उभी होती. सगळे पडद्याकडं बघत होते, ती बाबांच्या हाताकडं बघत होती. ती खोड तिला अंजूमुळं लागली होती. चार वर्षांच्या अंजूला बाळदमा होता. पोरगी हसत असो की झोपलेली, मंजुश्रीची नजर तिच्या गळ्याखालच्या खळगीवर. खळगी आत ओढली जायला लागली की समजायचं, आलं संकट. दोन वर्षं असं बारकं बघत जगलेल्या बाईला माणसाच्या तोंडाआधी त्याचे हात दिसतात.

"वैजनाथभाऊ," ती सहज बोलून गेली, "हॉर्न का वाजत नाही? दिवाळीत मी शिकायला लागले तेव्हा चांगला वाजत होता की."

बाबांनी एक डोळा उघडला.

"कुणाची सून ही?"

"आमची," नीलाबाई घाईनं पुढं झाल्या. "गुरुपादप्पांची. आडत हाय न्हवं आमची, त्ये. लेकराला दमा हाय बाबा, आन् ही गाडी शिकून राहिली. तेवढं बघा."

मंजुश्रीला सीटवर बसवलं. खऱ्या रस्त्यावर तिचा हात चांगला बसला होता, लायसनची टेस्ट तोंडावर आली होती. तिनं गाडी सुबक चालवली. वळणाला ती थांबली. मंजुश्री बाबांच्या अंगठ्याची वाट बघत राहिली. अंगठा मांडीवरच होता.

"न्हाई सोडत तो," बाबांनी उसासा टाकला. "ह्या हाताला अपघात हाय. माय, कान उघडे ठेवून ऐक, ह्या हाताच्या गाडीत लेकरू बसवू नको."

नीलाबाईंच्या हातातला नारळ खाली पडला, आणि न फोडताच फुटला. गर्दीला आणखी काय पाहिजे होतं?

घरी आल्या आल्या सासऱ्यांनी, गुरुपादप्पांनी, गाडीची किल्ली खुंटीवरून काढली आणि देवघरात ठेवली.

"मामा, टेस्ट आठवड्यावर आलीय."

"टेस्ट ऱ्हाऊ दे पोरी. जिवाच्या पुढं हाय का टेस्ट?"

"जिवासाठीच तर शिकतेय ना!"

गेल्या दिवाळीच्या सुमाराला, सोयाबीनच्या रासीत, म्हणजे मळणीत, भुसाची धूळ उडाली आणि अंजूचा दम उसळला होता. गाडी अंगणात उभी. गुरुपादप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, नवरा शिवकुमार नोकरीनिमित्त देगलूरला, शेजारचे लग्नाला गेलेले. इथल्या दवाखान्यातून लातूरला न्या म्हणाले, आणि मंजुश्री निळसर पडलेल्या ओठांचं लेकरू पोटाशी धरून रस्त्यावर येईल त्या गाडीला हात करत उभी होती. शेवटी दुधाच्या टेंपोनं नेलं. चालणारी गाडी अंगणात सोडून आपण रस्त्यावर उभ्या आहोत, या विचारानं ती स्वतःवर चिडली तशी आयुष्यात कधी चिडली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिनं वैजनाथकडं नाव घातलं होतं.

तिनं नवऱ्याला फोन लावला.

"आईला दुखवू नकोस गं," शिवकुमार म्हणाला. "जाऊ दे थोडे दिवस. मी बोलतो सवडीनं."

"आणि तोवर अंजूला लागलं तर?"

"मी आहे की."

"तू देगलूरला आहेस, शिवा."



सासू वाईट असती तर भांडायला बरं पडलं असतं. पण नीलाबाई अंजूच्या उशाशी बसून तिच्या छातीला ओव्याची पुरचुंडी शेकत होत्या आणि डोळे पुसत होत्या. हिच्यावर ओरडायचं तरी कसं? मंजुश्री स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळत बसली.

मग तिला तूबा आठवली. नांदेडच्या होस्टेलात दोघी एका खोलीत राहिल्या होत्या. मंजुश्री केमिस्ट्रीची, तूबा कॉम्प्युटरची. आता तूबा तिकडं एका कॉलेजात शिकवत होती. फोनवर सगळं ऐकून ती आधी पोटभर हसली.

"हसू नको यार, इथं माझा जीव चाललाय."

"नक्को रागावू. मला सांग, त्या खेळात कुणी मॉड टाकला होता का? म्हणजे मूळ खेळात आपल्या हातानं घातलेली भर. आपली गाडी, आपला रस्ता, आपला आवाज."

मंजुश्री थबकली. दिवाळीत त्या पडद्यावर चाकूरची कमान होती, उसाच्या ट्रॉल्या होत्या, रस्त्यात बसलेल्या गाई होत्या. आणि वळणावर बसवण्णाचं ठाण होतं! आता नुसता माळ होता.

"होतं. आता काहीच नाही."

"मग कुणीतरी काढलाय. बसवायला मजा येते गं, खरी कटकट काढताना. लोकांना वाटतं फाइल उडवली की गेलं सगळं. घर सोडून गेलेला भाडेकरू सामान नेतो, पण भिंतीत ठोकलेली खुंटी राहते ना? अंधारात तीच डोक्याला लागते. जा, मालकाला विचार."

बाबा पाटावर फक्त सोमवारी बसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी, शिकणारे जेवायला पांगले तेव्हा, ती अंजूला घेऊन वैजनाथकडं गेली. वैजनाथ आधी उडवाउडवी करत होता. मग त्यानं शटर अर्धं ओढलं आणि भडाभडा बोलायला लागला.

"मॅडम, मी काय कमी डोकं फोडून घेतलं का? माझ्या भाच्यानं, सोमेशनं, आपला रस्ता त्यात बसवला होता. म्हणला, मामा, वळणावर हॉर्न वाजवायचा बरं का, आपल्या खऱ्या रस्त्यावानी. आम्ही सगळे वाजवायचोच, सवयच ती! मग पोरगं गेलं हैदराबादला नोकरीला, आन् हिकडं मशीन घडीघडी अडकायला लागली. म्हणून मी त्याचं सगळं काढून टाकलं. काढलं, आन् त्या दिवसापासनं हॉर्न मुका. आन् वळणावर गाडी थांबायली."

"मग?"

"मग अख्खा खेळ पुसला. नवा कोरा टाकला. तरी थांबली! तवा मीबी हात जोडले. तेवढ्यात ह्यो बाबा आला, लायसन काढायला. खरंच सांगतो, लर्निंगचा फॉर्म भरायला आला होता. सीटवर बसताना त्यानं स्टेअरिंगला भस्म लावलं आन् गाडी सुटली. फॉर्म तिथंच टाकला, ह्यो पाट मागितला."

तूबाला फोनवर घेतलं, फोन कपाटावर ठेवला आणि कामाला लागले. तूबा सांगायची, वैजनाथ माऊस हलवायचा, मंजुश्री सीटवर बसून गाडी वळणापर्यंत न्यायची. खेळाच्या फाइली तपासून घेतल्या. थांबली. तात्पुरत्या साठवलेल्या फाइली उडवल्या. थांबली. गाडी बदलली. बदललेली गाडीही थांबली. दर वेळी मशीन बंद करा, सुरू करा, पडद्यावरचं ते गोल फिरणारं चक्र बघत बसा. उकाडा, बेलाच्या सुकलेल्या पानांचा वास, आणि कानाशी वैजनाथची भुणभुण, "देवच हाय मॅडम, उगं पाप घेऊ नका."

"तूबा, नाही होत गं!" मंजुश्रीला रडू फुटायच्या बेतात होतं. "नवा टाकूनसुद्धा राहतंच कसं?"

"राहतं. खेळ एका खोलीत असतो आणि त्याच्या आठवणी दुसऱ्या खोलीत. तुम्ही पहिलीच खोली झाडत बसलात. दुसरी शोधावी लागेल. तुमच्या नावाचं फोल्डर असेल बघ, डॉक्युमेंट्समध्ये."

मंजुश्री उठून पडद्याजवळ गेली. रिकामी सीट दिसताच अंजू तिच्यावर चढली. पडद्यावर गाडी वळणाशी अडून उभी होतीच.

"मधी हात लावू नको गं बाळा!" वैजनाथ ओरडला.

"आजोबांची गाडी अशी वाजते," अंजूनं त्याला समजावलं, आणि दोन्ही तळवे मधल्या बिल्ल्यावर थापटले. हॉर्न मुकाच होता, म्हणून आवाज तिनं तोंडानं काढला. "पीं पीं! बाजूला व्हा!"

आणि पाय न लावताच गाडी उतारानं हळूच सरकली. बंद दार कुणी उघडावं तशी वळणात शिरली.

फोनमधून तूबा "काय झालं? काय झालं?" करत राहिली.

मंजुश्रीनं अंजूला मांडीवर घेतलं. गाडी मागं आणली. बिल्ला न दाबता गेली, थांबली. दाबून गेली, सुटली. परत. पुन्हा परत. बाबांचा तो पांढरा अंगठा तिच्या डोळ्यांपुढं आला, आणि रागानं तिचे कान तापले. काल तो मांडीवरच का राहिला, हे तिला आत्ता उमगलं.

"तूबा, हॉर्न! हॉर्न दिला की वाट उघडते!"

"अगं मग झालं की! त्या पोरानं तिथं अदृश्य आडवा दांडा घातला असेल, रेल्वेच्या फाटकासारखा. हॉर्न दिला की वर. मॉड काढला, देऊळ गेलं, झाडं गेली, त्यानं घातलेल्या हॉर्नच्या आवाजाची फाइलही गेली, आणि मशीन अजून तीच शोधतंय. दांडा राहिला, आणि बटण राहिलं. बटण दाबल्याचं मशीनला कळतं, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही."

"म्हणजे आम्ही आधी सगळे सवयीनं हॉर्न द्यायचो, म्हणून दांडा हाय हेच कळलं न्हाई," वैजनाथ हळूहळू बोलला. "आन् हॉर्न मुका झाला तसं दाबायचंच सोडलं."

"सापडलं बघा ते फोल्डर," मंजुश्री पडद्यावर वाकली. सोमेशचं उरलंसुरलं सगळं तिथं ठाण मांडून होतं. "टाका पुसून. आत्ताच्या आत्ता."

"नक्को!" तूबा केवढ्यांदा ओरडली. "खुळी का तू? आज पुसलंस तर सोमवारी गाडी थांबणार नाही. लोक म्हणतील, या बाईनं हात लावला आणि देव रुसून गेला. मग तुझ्या घरात काय होईल, विचार कर. आधी सगळ्यांना दाखव. मग पूस."

वैजनाथनं मान खाजवली. "मॅडम, खरं बोलू का? गर्दी होऊन राहिली. नवीन शिकणारे वाढले..."

"वैजनाथभाऊ, बाबांनी पास केलेला पिकअपवाला परवा कुठं गेला?"

पिकअपवाला खऱ्या वळणावर वेग कमी न करता घुसला होता आणि कांद्याच्या गोण्यांसकट शेतात उतरला होता. जीव वाचला, कारण शेत नांगरलेलं होतं.

"ही माणसं तुमच्या हाताखालून रस्त्यावर जाणार. ब्रेकच्या भरवशावर पाठवायचं का भस्माच्या?"

"या सोमवारी," तो म्हणाला. "पण बोला तुम्हीच. मला लई भीती वाटायली."

सोमवारी गर्दी दुप्पट होती. मंजुश्रीनं सासूला सांगितलं, शांती करून घ्यायला जाऊ. नीलाबाईंनी नवीन नारळ घेतला आणि या वेळी घट्ट धरला. हे खोटं बोलणं मंजुश्रीला टोचत होतं. पण खरं सांगितलं असतं तर घराचा उंबरा ओलांडता आला नसता.

"आलीस?" बाबा प्रसन्न होते. "शांतीशिवाय गती न्हाई. लेकरू खाली ठेव."

"लेकरासाठीच आलेय बाबा. मांडीवर राहू दे."

गाडी निघाली. वळण आलं, गाडी थांबली. बायका हळहळल्या. बाबांनी मांडीवरचा हात मांडीवरच ठेवला.

"अंजू," मंजुश्री म्हणाली, "सांग बाई त्यांना बाजूला व्हायला."

"पीं पीं!" अंजूनं दोन्ही हातांनी बिल्ला थापटला. गाडी सुटली.

कुणीतरी किंचाळलं, "देवी! लेकरात देवी हाय!"

बाबा उगाच बाबा झाले नव्हते. ते पाटावरून उठलेच. "बालरूप! मी म्हणलो न्हवतो? मौन सोडायला बालरूप येणार म्हणून!" आणि पुढच्या बायका खाली वाकल्या. एका म्हाताऱ्यानं अंजूच्या पावलांवर डोकं टेकवलं. नीलाबाईंचे दोन्ही हात जोडलेले, डोळ्यांतून धारा. अंजू घाबरून आईला चिकटली.

हे मंजुश्रीनं धरलंच नव्हतं. लबाडी उघडी पडायच्या ऐवजी बाबाच्या अंगावरून उडून तिच्या लेकराच्या अंगावर बसत होती. उद्यापासून चपलांचा ढीग तिच्या दारात पडणार होता, आणि दम लागलेल्या पोरीला औषध नको, अंगारा लावा, असं लोक म्हणणार होते.

"थांबा!" ती उभी राहिली. आवाज इतका चढला की तिचा तिलाच ओळखू येईना. "हिच्या पाया पडायचं नाही! माझी पोरगी आहे ती, तिला दमा आहे, आणि ती अजून दूध सांडते. अहो दादा, ट्रॅक्टरवाले! या इथं, बसा."

"मी?" तो दचकला. "माझी गाडी तर गेल्या सोमवारीच सुटलीय की."

"परत बसा. गाडी थांबली? आता कोपरानं हा बिल्ला दाबा."

"कोपरानं?"

"कोपरानंच. देवी कोपरात येते का बघू."

लोक हसले. ट्रॅक्टरवाल्यानं चोरासारखं इकडंतिकडं बघितलं आणि कोपर टेकवलं. गाडी सुटली. तो ताडकन उठला. "आयला! मी तर सकाळी आंघोळबी केली न्हाई!"

मग स्कूटीवाली आली. तिनं मुठीनं दाबलं, गाडी सुटली. मास्तरांनी छत्रीच्या दांड्यानं दाबलं, गाडी सुटली. न दाबता ज्याची गाडी गेली ती थांबली, मग तो कुणी का असेना.

"आता बाबा, तुम्ही बसा," मंजुश्री म्हणाली. "फक्त बिल्ल्याला अंगठा लावू नका. भस्म हवं तर पडद्याला लावा."

"देवाची परीक्षा घेऊन राहिलीस बाई," बाबांचा आवाज चिरकला.

"देवाची नाही. तुमच्या अंगठ्याची."

"हाव बाबा, बसा की!" ट्रॅक्टरवाल्याला आता जोर चढला होता. "मागचा जन्म जमतो म्हणला न्हवं? टाका रिव्हर्स!"

बाबा बसेनात. मंजुश्रीनं मग तूबाच्या खुंटीची गोष्ट साऱ्यांना सांगितली. कोण रस्ता बसवून गेला, काय काढलं आणि काय राहिलं, बटण मुकं असून कसं काम करतं, सगळं. शेवटी वैजनाथ पुढं झाला. त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते उरलेलं फोल्डर काढून टाकलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. गोल चक्र फिरत राहिलं.

मंजुश्री बसली. बिल्ल्याला हात न लावता गाडी वळणावर नेली. गाडी अलगद वळली आणि पुढं गेली. मग तिनं बिल्ला दाबला. "पों!" मशीनमधून खणखणीत आवाज आला आणि पहिल्या रांगेतल्या बायका दचकून हसल्या.

बाबा तोवर दारात होते. पण त्या ढिगात त्यांना त्यांची चप्पल सापडेना. ते उकिडवे बसून उलथापालथ करत राहिले.

"बाबा, स्टँडवर सोडू का?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं. "तुम्हाला गाडी येत न्हाई ना!"

बाबा कुणाची तरी वहाण पायात अडकवून, एक मोठी एक लहान, एसटी स्टँडच्या दिशेनं गेले.

घराजवळ आल्यावर नीलाबाईंनी विचारलं, "मग बसवण्णा न्हवताच का गं तिथं?"

"तो गावालगत आहे, आत्याबाई, नव्या कट्ट्यावर. तुम्ही जाता की दर सोमवारी. मशीनमध्ये त्याला त्या लबाडानं कोंडलं होतं."

"आन् मी त्याच्या नादानं माझ्याच नातीच्या पाया पडायले होते." त्या पायरीवर बसल्या. मग उठून देवघरात गेल्या, आणि गुरुपादप्पांना न विचारता किल्ली आणून सुनेच्या हातात दिली.

गुरुपादप्पा कुरकुरले, "टेस्ट तर होऊ दे आधी." टेस्ट झाली. मंजुश्री पास झाली.

पुढच्या रासीला पुन्हा भुसा उडाला. सकाळी अंजूच्या गळ्याखालची खळगी आत ओढली जाताना मंजुश्रीनं पाहिली. पंप दिला, थोडा उतार पडला, पण पुरता नाही. या वेळी तिनं रस्त्यावर जाऊन कुणाला हात केला नाही. नीलाबाई मागं बसल्या, अंजूला टेकवून, आणि गाडी लातूरच्या रस्त्याला लागली.

ते वळण आलं.

"मंजू," मागून चाचरत आवाज आला. "हॉर्न तेवढा वाजव बाई. रागवू नको."

मंजुश्रीनं हॉर्न दिला. वळणापलीकडून, उंच बाभळींच्या आडून, उसाची भरलेली ट्रॉली रस्त्याच्या मधोमध येत होती. हॉर्न ऐकून ट्रॉलीवाल्यानं ती कडेला घेतली.

"दिसलं, आत्याबाई? हॉर्न याच्यासाठी होता. पलीकडचं दिसत नाही म्हणून. जुन्या माणसांना ते माहीत होतं. आपण कारण विसरलो आणि नुसते हात जोडत राहिलो."

नीलाबाई मान वळवून ट्रॉलीकडं बघत राहिल्या. "पीं पीं," मांडीवरून अंजू पुटपुटली. दम अजून लागत होता, पण हसत होती.

तेव्हा चपला काढून आत जायच्या आधी एवढं तरी विचारत जावं: इथं आधी काय होतं, कुणी काढलं, आणि काढताना काय राहिलं? मोकळ्या रस्त्यावर गाडी अडली, तर हात जोडण्याआधी हातांनी चाचपून बघावं. आणि कुणी एखाद्या आईला म्हणालं, तुझ्या हातात लेकरू देऊ नको, तर तिनं आधी त्या म्हणणाऱ्याच्या हातांकडं बघावं.

लातूर जवळ आलं होतं. मंजुश्रीनं गेर बदलला.